खोक्यातला लाल-पांढरा कलरवे

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. उजवा शेजारीच, उलटा निजलेला. ऑकलंडमधल्या ओतारा भागात सेमिसीच्या कपाटावर आमचे खोके आहे. त्यातच आमचा जन्म गेला.

आमच्यासारखे बूट दुकानात ढिगाने होते. साचा तोच, तळवा तोच. रंगांची मांडणी तेवढी निराळी. एकाच मालाच्या अशा एकेका मांडणीला कलरवे म्हणतात. आमचा कलरवे टोंगाच्या झेंड्यासारखा, लाल अंगाचा नि पांढऱ्या टाचेचा, आणि एकदाच निघालेला. टोंगाचा सेमिसी भुलला नसता तरच नवल. तान्ही लेक लोसे मोठी झाली की तिला द्यायचे म्हणून त्याने आम्हाला घेतले, कागदात गुंडाळले आणि झाकण लावले.

अंधारात आम्ही नुसते ऐकत राहिलो. लोसेचा पाय मापाला आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता तरी दे ना."

"बूट हवेत तर दुसरे घेऊ. हा कलरवे पुन्हा मिळायचा नाही. एक ओरखडा पडला की संपलं."

"मला कलरवे नकोय, बूट हवेत."

झाकण पुन्हा बसले. चालण्यासाठी जन्मलो आणि जमीनच पाहिली नाही, म्हणून त्या दिवशी मला फार रडू आले.

लोसेच्या एकविसाव्या वाढदिवसाला चर्चच्या हॉलमध्ये नातलग जमले. सेमिसीची थोरली बहीण अकानेसी म्हणाली, "पोरीच्या पायात झिजक्या चपला? ते खोकं आण."

"ताई, ते जपून..."

"लोणचं घालणारेस का त्याचं?"

आम्हा टोंगाकडच्यांत आत्याचा शब्द कुणी मोडत नाही. खोके आले.

लोसेने आम्हाला घातले. नाच सुरू झाला आणि दुसऱ्याच गिरकीला माझ्या तळव्याचा शिळ्या बिस्किटासारखा भुगा झाला. मग उजव्याचा. वर्षानुवर्षे न वापरलेला तळवा आतून विरत जातो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. रंग मात्र नव्यासारखा होता.

सेमिसी गुडघ्यांवर बसून भुगा गोळा करू लागला. "तुझ्यासाठीच जपले होते गं."

"माहितेय, बाबा. ऊठ, नाच माझ्याबरोबर," लोसे म्हणाली आणि अनवाणी नाचली.

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या पांढऱ्या नाड्या काढून आपल्या कामावरच्या बुटांत ओवल्या. मित्रांनो, जपायचे तर वापरून जपा. आमच्या खोक्याला आता झाकण नाही. संध्याकाळी ते बूट कपाटाखाली येतात, तेव्हा मी मळलेल्या नाड्यांना वरूनच विचारतो, "आज कुठवर जाऊन आलात गं?"