चैत्रातले सात दिवस

“ह्यात सप्ता कुठंय?” धोंडाबाईंनी विचारलं.

नूतननं अकरा पानं पुन्हा मागून पुढं चाळली. ती धोंडाबाईंच्या भावाची मुलगी, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी; खास ह्या कागदांसाठी डिंगोऱ्याला आली होती. रस्त्याकडेचं आत्याचं एक एकर रान एक कंपनी कोल्ड स्टोरेजसाठी एकोणतीस वर्षांच्या भाडेकरारानं घेत होती. नोंदणी उद्याच, जुन्नरला.

“आत्या, सप्ताहाची एक ओळसुद्धा नाही गं.”

“आसं कसं? आदेशनं गळ्यातली माळ हातात धरून सांगितलंय. चैत्रात सात दिस रानाच्या पुढचं पटांगण मोकळं. माळकरी पोरगं खोटं बोलंल व्हय?”

आदेश कंपनीचा माणूस, पण गावातलाच. त्याच्या शब्दावर बाईंनी होकार दिला होता. त्या पटांगणात सव्वीस वर्षं अखंड हरिनाम सप्ताह होत आला होता. बाईंच्या मालकांनीच तो सुरू केला. मांडव, पंगती, रात्रीची कीर्तनं, सगळं तिथंच. दुपारी दोन ते चार वीणेचा पहारा बाईंचा. वीणा घेऊन उभं राहून त्या दोन तासांत पायांना मुंग्या येत, पण बाई हलत नसत. दोन्ही मुलं चाकणला कारखान्यात. आपल्यामागं ती पटांगणासाठी कुणाशी भांडतील, असं बाईंना वाटत नव्हतं.

“खोटं नाही बोलला तो,” नूतन म्हणाली. “पण उद्या त्याची बदली झाली तर? नवा साहेब कागद बघणार.”

बाई म्हणाल्या, “खरंय. माळ आदेशच्या गळ्यात हाय. कंपनीला गळाच न्हाई.” आणि आपल्याच बोलण्यावर हसल्या. “मग काय लिवायचं?”

“स्टिप्युलेशन.”

“आगं, अट म्हण की सरळ!”

“अटच. पण कागद सगळा इंग्रजी आहे, आत्या. उद्या त्यांच्या वकिलाला तुझी अट तिथं त्याच्याच भाषेत दिसली पाहिजे.”

“मग सोडवून सांग. कीर्तनात बुवा एका शब्दावर आर्धा तास उभं ऱ्हात्यात. तू धा मिंटं तरी ऱ्हा.”

नूतननं पदर खोचला, वर्गात खोचते तसा. “करार करताना एक बाजू म्हणते, तुमचं बाकी सगळं मान्य, पण एवढं एक मला पाहिजेच. समोरचा म्हणतो, कबूल. ते कागदावर चढलं की नुसती इच्छा राहत नाही. मोडलं तर जाब विचारता येतो.”

“मी मेल्यावर?”

“तरीपण. तू नसलीस, आदेश नसला, साहेब बदलला, तरी ते तिथंच.”

“म्हंजे पहाऱ्याची वीणा,” बाई सावकाश म्हणाल्या. “धरणारं बदलत्यात, पर ती भुईला टेकत न्हाई.”

“आत्या, हे मी वर्गात सांगणार.”

“सांग की. आदी मला म्हणायला शिकव.”

संध्याकाळी धार काढताना बाईंनी तो शब्द चार तुकड्यांत म्हटला. स्टि, प्यु, ले, शन. टाळाच्या ठेक्यावर बसवल्यावर तो जिभेला सोपा झाला. गाईनं एकदा मान वळवून पाहिलं.

सकाळी रजिस्ट्रार ऑफिसात आदेश लगबगीनं पुढं आला. “मावशी, चला, नंबर आलाच आपला.”

“आदेश, माजं एक स्टिप्युलेशन हाय.”

“आगागा! मावशी, लंडनला निघाला का काय?” बाकावरची माणसंही हसली.

बाई हसल्या नाहीत. “चैत्रातलं सात दिस. कागदात घाल.”

आदेशचा चेहरा उतरला. “माझ्या माळेवर इश्वास न्हाई व्हय?”

“तुज्यावर हाय रं, बाळा. पर एकोणतीस वर्सं तू हितंच बसणार हायेस का? मी तर न्हाई.”

“मावशी, साहेब म्हणलेत, आता काय बदललं तर ओतूरची जागा घेऊ.”

“घ्या म्हणावं.”

आदेश फोन कानाला लावून बाहेर गेला. खिडकीतून त्याच्या येरझाऱ्या दिसत होत्या. नंबर पुकारला गेला, कुणी उठलं नाही, पुढचा आत गेला. नूतन हळूच म्हणाली, “आत्या, म्हातारपणाची सोय होती गं. गेली तर?”

“जाऊ दे. बाजरी पेरीन.” पण पिशवीचा बंद बाईंनी बोटाला गच्च गुंडाळला होता.

दीड तासानं आदेश आला. घामेजलेला, हातात नवी पानं. “घातलं, मावशी. साहेब लई बोलले मला.”

नूतननं उभ्यानंच वाचलं. “चौदावं कलम. सात दिवस, दर चैत्रात, करार संपेपर्यंत. शब्दही आहे.”

“दाव.”

नूतननं बोट ठेवलं. बाईंना ती अक्षरं येत नव्हती. तरी त्या प्रत्येक ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेत गेल्या. कलमाच्या चारही ओळी संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

आत टेबलावर अंगठ्याचं यंत्र होतं. बाईंनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

“आजी, रेषाच उमटंनात,” यंत्रावरची मुलगी म्हणाली. “पार झिजल्यात.”

“खुरप्यानं खाल्ल्या, पोरी.”

बाईंनी अंगठा पदराला पुसला, त्यावर फुंकर घातली आणि तिसऱ्यांदा काचेवर टेकवला. मागं रांग चुळबुळत होती. बाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

“घे,” त्या म्हणाल्या. “लागंपातुर घे.”