बोल्टखालचा निळा रंग

केरबा तात्यांची जीप उद्यमनगरातल्या दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा मुजम्मिल एका डायनामोत डोकं खुपसून बसला होता. त्या डायनामोला काहीही झालेलं नव्हतं. पण जीपमागे ट्रॉली होती, ट्रॉलीवर तालमीची निळी बोट होती, आणि ती ट्रॉली डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून मुजम्मिल गेले कित्येक दिवस तालमीच्या गल्लीतून जायचंच टाळत होता. घरी जायला तो आता लांबच्या रस्त्याने जायचा आणि बायकोला सांगायचा, तिकडे गटारीचं काम निघालंय.

"मुजम्मिल! आत हायस काय लेका?"

तात्यांचा आवाज पंचगंगेच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा होता. पुराच्या पाण्यात घराच्या माळ्यावर अडकलेल्या माणसांना हाका मारून मारून तो तसा झाला होता. पूर आला की तालमीची बोट घेऊन पहिले निघणार ते तात्याच. आता सत्तरी गाठली तरी वल्हं दुसऱ्याच्या हातात देताना त्यांचा जीव वरखाली व्हायचा. बोटीवर तर त्यांचं इतकं प्रेम, की आपले एवढे लाड केले तर आपण आणखी दहा वर्षं जगू, असं त्यांची बायको जिवंत असताना गल्लीभर सांगायची.

मुजम्मिल हात पुसत बाहेर आला. तात्यांच्या चेहऱ्याकडे न बघता त्याने बोटीकडे बघितलं आणि बोटीकडे बघवेना म्हणून जमिनीकडे.

ट्रॉलीच्या दिव्यांचं काम त्याचं होतं. उन्हाळ्यात त्यानेच जीपच्या हुकाशेजारी सॉकेट बसवलं, ट्रॉलीला मागे दोन दिवे लावले, वायर ओढली. बोट चढवली की जीपचे स्वतःचे मागचे दिवे पार झाकून जात. त्यामुळे मागून येणाऱ्याला जीप थांबतेय की वळतेय, हे सांगणारे तेवढे दोनच दिवे. "ह्येच्या जिवावर मागचा माणूस चालणार," असं त्या दिवशी मुजम्मिलच मोठ्या ऐटीत म्हणाला होता. ते वाक्य आता त्याला झोपू देत नव्हतं.

दसरा झाला, आणि त्याच आठवड्यात वारणेत कुणी बुडालं म्हणून बोट बोलावली गेली. परत येताना दिवेलागणीच्या वेळी, कोडोलीजवळ, तात्यांनी चहासाठी जीप उजवीकडच्या टपरीकडे वळवली. मागून स्कूटरवर येणारी निशिगंधा थेट ट्रॉलीच्या कडेला येऊन आदळली. कोडोलीच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका. उजवा पाय मोडला, आणि तोही असा की डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घातली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी तालमीत ट्रॉलीचे दिवे लावून बघितले, तर ते मिणमिणत होते, मनाला येईल तसे.

तात्या त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट तालमीत कुणी कुजबुजलं तर ओरडायचे, "यंत्र हाय, बिघडतंय! पोराला कुणी काय बोलायचं न्हाय!" तात्यांनी चारचौघांत आई-माईवरून शिव्या घातल्या असत्या तर मुजम्मिलला जेवण गेलं असतं. हे चांगुलपण त्याच्या घशात अडकून बसलं.

"जाऊन या की," त्याची बायको मेहक रोज सकाळी डबा देताना म्हणायची. "पोरगी अंथरुणात पडलीया. चार फळं घ्या, दोन शब्द बोला, या. ती काय तुमाला खाणार हाय व्हय?"

"उद्या जातो."

त्याच्या उद्याला रविवारही नव्हता आणि सोमवारही नव्हता. मेहकने शेवटी म्हणणंच सोडून दिलं आणि नुसता डबा ठेवायला लागली, तेव्हा त्याला जास्त लाज वाटली.

"कार्तिकात नदीवर दिवं सोडायला गर्दी आसती," तात्या जीपमधून उतरत म्हणाले. "घाटावर बोट पायजे. ट्रॉली अशी कशी काढायची रस्त्यावर? दुसऱ्याकडं न्हेली असती. पर मग लोक म्हणतील, तात्याचा मुजम्मिलवरचा इस्वास उडाला. म्हणून म्हटलं, तूच बघ."

"बघतो," मुजम्मिल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

तात्यांना त्याने जीपमध्ये बसवलं. "ब्रेक दाबा, तात्या. आता उजवीकडचा सिग्नल द्या." आणि तो मागे जाऊन उभा राहिला.

ब्रेकचे दिवे उजळायला हवे होते, ते जेमतेम मिणमिणत राहिले. उजवा सिग्नल तर जवळजवळ मेलेलाच. आणि डावीकडचा, ज्याला कुणी हात लावला नव्हता, तो मात्र लुकलुकायला लागला.  कुठे तरी आपणच वायर उलटीसुलटी जोडली, असं मुजम्मिलला वाटलं. इतके दिवस ज्याची भीती होती ते हेच.

तो गुडघे टेकून ट्रॉलीखाली शिरला. टेस्ट लँप घेऊन सॉकेटची एकेक पिन बघितली. करंट बरोबर येत होता. प्लग उघडला, आत ना पाणी ना गंज. वायर बोटाने चाचपत मागेपर्यंत गेला, प्रत्येक जोडाची टेप सोडून बघितली. प्रत्येक जोड घट्ट, तांबं लखलखीत. एखादा जोड सुटा सापडला असता तर निदान सगळं संपलं असतं. कसलं तरी काम इतकं चांगलं केल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

मग त्याने एक सुटी वायर घेतली. तिचं एक टोक जीपच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं ट्रॉलीच्या दिव्यामागच्या अर्थिंगच्या वायरीला टेकवलं.

उजवा सिग्नल लखकन लागला. डावा गप्प झाला. ब्रेकचे दिवे लालभडक.

म्हणजे करंट येत होता, पण परत जायला त्याला वाट नव्हती. परतीची ही वाट ट्रॉलीच्या लोखंडातून जाते. मुजम्मिलने त्यासाठीच ट्रॉलीच्या सांगाड्यावर, चासीवर, एक जागा घासून उघडी केली होती आणि तिथे बोल्टने अर्थिंगची वायर आवळली होती. वाट बंद झाली की करंट शेजारच्या दिव्यातून घुसून पळवाट काढतो आणि भलताच दिवा पेटतो. तो त्या बोल्टापाशी सरकला. बोल्ट जागेवर होता, घट्ट होता आणि सुंदर निळा होता. बोटीच्या रंगाचा. पाना लावून त्याने बोल्ट काढला. खाली, जिथे उघडं लोखंड असायला हवं होतं, तिथेही तोच निळा रंग. जाड, गुळगुळीत, दोन हात दिलेला.

"तितं बी दिलाय मी रंग," जीपमधून उतरून मागे आलेले तात्या वर कौतुकाने सांगत होते. "दसऱ्याला. बोल्ट काढून खाली हात मारला, परत आवळला. न्हाईतर गंज धरतोय. हुकाचा गोळासुदिक सोडला न्हाय!"

मुजम्मिलचा जीव भांड्यात पडला. ट्रॉलीखाली, पाठीवर पडल्या पडल्या, त्याला हसू फुटलं. त्याचं वायरिंग बरोबर होतं! त्याचा हात चुकला नव्हता! आता ताठ मानेने तालमीच्या गल्लीतून जाता येईल, मेहकला सांगता येईल, सगळ्या उद्यमनगराला ओरडून सांगता येईल.

तो घाईघाईने बाहेर आला. "तात्या, वायरिंगला कायबी झालेलं न्हाई! तुमचा रंग आडवा आलाय. रंगातनं करंट जात न्हाई. तुमी बोल्टाखाली रंग दिलासा, म्हणून..."

पुढचं वाक्य त्याने बोलायला नको होतं, आणि ते त्याला बोलावं लागलंही नाही. तात्यांनी आपला उजवा हात वर केला आणि तळवा बघितला. नखांच्या कडेला अजून थोडा निळा रंग होता.

"म्हंजे मीच," ते म्हणाले. तो आवाज पंचगंगा ओलांडणारा नव्हता. पलीकडच्या लेथवाल्यालाही तो ऐकू गेला नसता. "आयुष्यभर माणसं काढली पाण्यातनं. आनी त्या पोरीचा पाय माझ्या हातानं ग्येला."

मुजम्मिलचा आनंद जिथल्या तिथे मेला. इतके दिवस जे ओझं त्याने छातीवर वागवलं होतं, ते त्याने उचलून एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि वर हसत हसत. त्याला स्वतःची किळस आली. आणि तात्यांच्या नखातला तो निळा रंग बघताना त्याला आणखी एक गोष्ट आठवली. विसरला नव्हताच तो. फक्त तिकडे कधी बघितलं नव्हतं.

दसऱ्याला सोनं द्यायला तो तालमीत गेला होता. रंग अजून ओलसर होता. तात्यांनी हात धरून त्याला बोटीभोवती फिरवलं, वाकून बोल्टसुद्धा दाखवला. "झकास, तात्या!" तो म्हणाला होता. आणि तात्या म्हणाले होते, "आलायस तर दिवं एकडाव लावून बघ की."

खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडायची आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही उद्यमनगरातली रीत. मुजम्मिलचे वडील गौसभाईही पक्कड, पाने, टेस्ट लँप पाटावर मांडून झेंडू वाहायचे. मुजम्मिलनेही ते चालू ठेवलं होतं. "आज हत्याराला हात लावत न्हाई, तात्या. सणाचा दिवस हाय," तो म्हणाला होता. खरं तर घरी मटणाचा रस्सा वाट बघत होता. दिवे लावून बघायला हत्यार लागतं कुठे? तात्यांनी बटण दाबायचं आणि याने मागे उभं राहायचं, एवढंच.

"तात्या," तो म्हणाला, "तुमी मला बोल्ट दाखवलावता. दिवं बघ म्हणालावता. मी न्हाई बघितलं."

"सणाचा दिवस हुता, लेका."

"दुसरा दिवस सणाचा नव्हता. तिसराबी नव्हता."

 मुजम्मिलने कानस घेतली आणि बोल्टाखालची जागा घासायला लागला. निळा भुगा पडत राहिला, खालून लोखंड पांढरं चमकलं, तरी तो घासतच राहिला. शेवटी तात्यांनी त्याचा खांदा धरला.

"बास. बोल्ट आवळ. ट्रॉली हितंच सोड आनी चल कोडोलीला." मग जीपमध्ये चढता चढता त्यांनी हळूच सांगितलं, "दवाखान्यात चारदा जाऊन आलो मी. पर दिव्याचं काय बोललो न्हाय तितं. म्हटलं, तुझं नाव कशाला आणायचं मधी? मानसं भली हायत. एक अक्षर बोलली न्हाईत आमाला."

ती भली माणसं एक अक्षर का बोलली नाहीत, ते मुजम्मिलला कोडोलीत कळलं.

निशिगंधा घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर बसली होती, पाय उशीवर. तिचे वडील आकाराम यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं आणि पाहुण्यांपुढे लेकीलाच झाडायला लागले. "तुमी कशाला सारखं येतासा तात्या? चूक हिची. एवढी घराएवढी बोट फुडं, ती हिला दिसंना! ध्यान कुठं हुतं कुणाला ठाऊक. आनी म्हणं मास्तरीण!"

निशिगंधा प्लास्टरवरचा धागा काढत राहिली. हे तिने इतक्यांदा ऐकलेलं असावं की तिच्या चेहऱ्यावर काही उमटलंही नाही.

"त्यांची चूक न्हाई," मुजम्मिल म्हणाला. तो उभाच होता. "ट्रॉलीचं दिवं मी बशिवलंत. त्यात बिघाड हुता. तात्यांनी उजवीकडचा सिग्नल दिला, पर..."

"डावा लागला," निशिगंधा म्हणाली.

तिने पहिल्यांदाच वर बघितलं होतं.

"व्हय, ताई. डावा लागला."

"मी बघितलावता. डावा लुकलुकत हुता. म्हटलं, गाडी डावीकडं वळतीया, म्हणून मी उजवीकडनं काढली." ती वडिलांकडे वळली. "मी तुमाला शुद्धीवर आल्या आल्या सांगितलंवतं, बाबा. तुमी म्हणालासा, तुला भास झाला."

 आकारामांनी पाण्याचा तांब्या उगाचच उचलला आणि परत ठेवला.

"मग मलाबी वाटाय लागलं, भासच आसंल. शाळेत पोरांना दाहिने मूड, बाये मूड मी शिकवती. आनी मलाच डावं-उजवं कळंना झालंय. रोज डोळं मिटून हात वर करून बघती मी. ह्यो डावा, ह्यो उजवा." तिचा आवाज चिरकला. "येडी व्हायची येळ आलीवती मला."

"चूक माझी हाय, पोरी," तात्या पुढे सरसावले. "रंग मी दिला. ह्येचा त्यात काय..."

"तात्या, तुमी गप बसा," मुजम्मिल म्हणाला. असं तो त्यांना जन्मात कधी बोलला नव्हता.

निशिगंधाने डोळे पुसले. मग तिने मुजम्मिलकडे बघितलं. रागाने नाही. वर्गातल्या एखाद्या पोराला विचारावं, तसं तिने सरळ विचारलं.

"ह्यो बिघाड तुमाला सापडला कधी?"

"आज. बघितला आनी लगीच सापडला."

"ट्रॉली कुठं हुती इतकं दिस?"

"तालमीत."

"लांब हाय व्हय तालीम?"

"न्हाई. दुकानापास्नं हाकेवर हाय."

"मग तुमी कुठं हुतासा?"

वाटेत घराशी जीप थांबल्यावर मेहकने दिलेली फळांची पिशवी जीपमध्येच राहिली होती, हे त्याला तेव्हा आठवलं.

"दुकानातच हुतो," मुजम्मिल म्हणाला.