राहिलेला व्यायाम

बावीस वर्षं मी लोकांची बोटं वाकवतेय. कांदिवलीच्या आमच्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत येणारा प्रत्येक पेशंट "करतो ना मॅडम" म्हणतो आणि घरी कोणी काही करत नाही. ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

गुणाजी ब्लाउज शिवणारा टेलर. काचेने तळहात कापला आणि मधलं बोट वाकवणारी आतली दोरीच तुटली. ऑपरेशन करून ती जोडली, हाताला प्लास्टिकची पट्टी बांधली आणि माझ्याकडे पाठवला. मी नेहमीचा व्यायामाचा कागद दिला, दर तासाला दहा वेळा, हलक्या हाताने. दोन आठवडे झाले तरी बोट लाकडासारखं.

त्याची बायको शकु सोबत होती. म्हणाली, "यांचं आधीपासून असंच आहे, मॅडम. कापड झकास कापतात, पण कुठला ब्लाउज आधी नि कुठला नंतर, ते मी लावून देते. आता मी दिवसभर कामावर. तासाचं यांना जमतच नाही."

बाहेर अकरा जण बसलेले, त्यात पंखा बंद. मी म्हटलं, "जमत नाही असं काही नसतं. नुसता आळस आहे. परत मशीनवर बसायचंय ना? मग एकही चुकवायचा नाही."

गुणाजीने मान खाली घातली. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या मंगळवारी खिडकीतून पाहिलं, तर हा बाहेरच्या बाकावर एकटाच, पट्टी सोडून मूठ वळतोय. वळतोच आहे. म्हटलं, चला, ओरडा लागू पडला. उठायचा कंटाळा आला होता, म्हणून आधी चहा संपवला.

आत आल्यावर वाकवा म्हटलं, तर बोट जागचं हलेना. मी तळहात चाचपला. जोडलेली दोरी पुन्हा तुटली होती.

"काय केलंत तुम्ही?"

"दोन दिवसांचे राहिले होते, मॅडम. इथे बसून सगळे एकदम करून टाकले, जोर लावून. शेवटी टक् करून वाजलं."

 शकु सांगत होती तेव्हाच विचारायला हवं होतं, घरी चहा कधी, जेवण कधी, व्यायाम कशाशी जोडून देऊ. पाच मिनिटांचं काम. तेवढंही मला जमलं नाही.

पुन्हा ऑपरेशनचं लिहून दिलं. गुणाजीने तो कागद डाव्या हाताने घडी करून खिशात ठेवला.

"पण मॅडम," तो म्हणाला, "या वेळी आळस नाही केला हां."