उंबरठा न ओलांडणारे दही

निंबोडे गावात कंपनीचे दही घराच्या उंबऱ्याबाहेर नेले की त्याचा चुना होत असे. प्रथम लोकांनी याबद्दल कुरकूर केली. पुढे त्यांनी त्या चुन्याने आपापल्या भिंती रंगवल्या, आणि गाव पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागल्यामुळे नगरपालिकेला पारितोषिक मिळाले.

ही कंपनी मुळात दह्याची नव्हे. तिने आधी लोकांची छायाचित्रे सांभाळली, मग पत्रव्यवहार सांभाळला, मग पैसे, मग कोणत्या रस्त्याने घरी जावे तेही तीच सांगू लागली. दह्याकडे ती सर्वांत शेवटी वळली. दही लावावयास विरजण लागते, ते शेजारणीकडून मागून आणतात, आणि शेजारणीने चमचाभर दिल्याने तिच्या वाटीतले काही कमी होत नाही. अशी वस्तू जगात मालकाशिवाय पडून राहावी, हे कंपनीला मोकाट गुरासारखे वाटले असावे. तिने घरोघर एक पांढरे भांडे फुकट दिले. भांड्यास निळा दिवा होता. दूध ओतून मोबाइलवर ‘मान्य’ असे दाबले की निमिषात दही लागे, विरजण लागत नसे, शेजारीण लागत नसे. ‘मान्य’ या शब्दाच्या वर जो करार होता तो इतका लांब होता, की वाचणारा शेवटास पोहोचेपर्यंत त्याचे पहिले कलम बदललेले असे. म्हणून कोणी त्या वाटेस जात नसे.

सदानंद तांबट याने भांडे घेतले नव्हते. तो बाजारपेठेत संगणकाचा वर्ग चालवीत असे. त्याच्या जुन्या यंत्रांवर जी प्रणाली होती ती त्याने सांगलीच्या एका स्नेह्याकडून, वाटी घेऊन विरजण मागावे तशी मागून आणली होती, आणि मागेल त्याला तो ती उतरवून देई. तिच्या आत काय आहे हे कोणालाही उघडून पाहता येत असे. कोणी पाहत नसे ही गोष्ट वेगळी. कंपनीचे भांडे गावात आले तेव्हा त्याने ‘मुक्त विरजण मंडळ’ स्थापन केले.

“फुकट पेंड कोणाला घालतात, ते गोठ्यात जाऊन बघा,” असे तो सभेत म्हणे, आणि टाळ्या पडत.

टाळ्या वाजवणारे घरी जाऊन कंपनीच्या दह्याचे ताक पीत. मंडळाचेही लवकरच दोन तट पडले. विरजणास ‘मुक्त’ म्हणावे की ‘खुले’ म्हणावे, यावरून सभासदांनी एकमेकांच्या घरचे लग्नकार्य सोडले. गुरव मास्तरांनी तर तत्त्वासाठी दही खाणेच वर्ज्य केले, आणि तेव्हापासून ते दह्याशिवाय दुसरे काही बोलत नसत. गावात खरे विरजण एकाच वाटीत उरले होते. ती वाटी सदानंदाच्या घरी होती आणि तिचे श्रेय त्याला नव्हते. भाषणे तो करी. दही त्याची पत्नी इंदुमती लावी. रोज थोडे कोमट दूध, त्यात आदल्या दिवशीचे चमचाभर. सकाळी ती दोन बोटांनी वाटी किंचित कलती करी आणि दही काठ सोडते की नाही ते पाही. न सोडले तर लागले.

हे विरजण तिच्या आईचे होते. एका वर्षी ते तिच्या हातून नासले, तेव्हा समोरच्या मेहरूनभाभींकडून तिने तेच परत आणले, कारण भाभींनी ते पूर्वी तिच्याकडूनच नेले होते. गल्लीत असे चालत आले होते.

ज्या सकाळी भांड्यांची चौथी आवृत्ती आली, त्या सकाळी खंडू गवळ्याने दूध पोत्यातून आणले. त्याने पोते ओट्यावर आपटले तेव्हा आत ठणठण वाजले.

“मास्तर, म्हैस वड्याच द्यायला लागली. धार काढायला बसलो तर बादलीत दगड पडल्यागत आवाज.”

“कालपर्यंत दूध देत होती ना?”

“कालपर्यंत माणसंबी मागत होती. आता थेट दहीच पायजे म्हणत्यात. म्हशीला काय, मालक म्हणंल तसं.”

सदानंदाने एक वडी हातात घेतली. ती पांढरी, गुळगुळीत व थंड होती, आणि तिच्या एका कडेला बारीक निळा दिवा लागत-विझत होता. त्याने ती परत पोत्यात ठेवली. नळ सोडला तर नळातूनही पांढरी कांडी निघाली आणि मोडून पडली.

इंदुमती ओट्याशी वाटी धरून उभी होती.

“दूध?”

“नाही.”

“संध्याकाळपर्यंत ह्यात दूध पडलं नाही तर हे कडू होईल. उद्या टाकूनच द्यावं लागेल.” तिने झाकणी उचलून पाहिले आणि पुन्हा ठेवली. “आईची भांडी भावांनी वाटून घेतली. मला एवढंच आलं होतं. हे गेलं की माहेर संपलं म्हणायचं.”

“मी आणतो.”

“कुठून आणणार? सभेतून?”

तेवढ्यात शेजारच्या घरातून काहीतरी पांढरे, सावकाश, उंबऱ्यावरून गल्लीत उतरताना दिसले. त्याचा चुना झाला नाही. ते गल्ली ओलांडून त्यांच्या उंबऱ्याशी आले, क्षणभर थांबले, जणू पायताण काढत असावे, आणि आत आले. चौथ्या आवृत्तीत कंपनीने उंबऱ्याची अट काढून टाकली होती. ही मागणी मंडळाचीच होती. त्या निवेदनावर सदानंदाची पहिली सही होती.

ते इंदुमतीच्या पावलांभोवती जमले आणि घट्ट झाले.

“दुखतंय का?”

“नाही. गार वाटतंय.” तिने पाय उचलून पाहिला, तो उचलला गेला नाही. “खाली घट्ट आहे, वर अजून अदमुरं आहे. तुम्ही हलताय तोवर निघा. वाटी आडवी करू नका. आणि चप्पल घाला.”

त्याने चप्पल घातली, वाटी दोन्ही हातांत धरली, आणि तो पांढऱ्यास चुकवून दगडादगडावरून बाहेर पडला.

चौकात भाऊसाहेब मोहिते हे नगराध्यक्षपदाचे उमेदवार व्यासपीठावर उजवा हात वर करून उभे होते. बोलता बोलताच ते दह्यासारखे लागले होते. तोंड उघडे होते आणि त्यात जिभेच्या टोकावर एक अक्षर घट्ट झालेले दिसत होते. त्यांच्या पक्षाने स्थैर्याचे आश्वासन दिले होते, त्यामुळे जे कार्यकर्ते अजून हलत होते ते त्यांना हार घालीत होते. विरोधी पक्षाचा उमेदवार समोरच्या व्यासपीठावर तशाच अवस्थेत होता. फरक इतकाच, की त्याचा डावा हात वर होता. पिंपळाच्या पारावर मंडळाचे दोन्ही तट समोरासमोर बोटे रोखून बसले होते आणि गुरव मास्तर मधोमध, दह्यास हात न लावता, गळ्यापर्यंत लागलेले होते.

“सदानंद,” मास्तर म्हणाले, “ठराव करायला हवा.”

“दूध कुठे मिळेल, मास्तर?”

“आधी ठराव,” असे ते म्हणाले, आणि पांढरे त्यांच्या ओठांवर आले.

व्यासपीठाशी कंपनीचा प्रतिनिधी उभा होता. अनिमेष त्याचे नाव. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात कमालीची अदब. तो भाऊसाहेबांच्या खांद्याला दोन बोटे लावून त्यांना किंचित कलते करीत होता आणि त्यांच्या पायाशी वाकून पाहत होता.

“काठ सोडत नाही. उत्तम,” तो स्वतःशी म्हणाला, आणि मग त्याचे सदानंदाकडे लक्ष गेले. “अरे काका! तुम्ही अजून चालताय?”

“दूध शोधतोय.”

“दूध बंद झालं, काका. मधली पायरी होती ती. लोकांना तिचा त्रासच व्हायचा.” तो हसला. “आणि अभिनंदन. उंबऱ्याबद्दलची तुमची मागणी मान्य झाली. कंपनी ऐकते, मी तुम्हाला म्हटलं होतं.”

“आम्ही माणसाने दही न्यावं म्हणून मागितलं होतं. दह्याने स्वतः जावं म्हणून नव्हे.”

“निवेदनात तसं वेगळं लिहिलं नव्हतं.” त्याने वाटीकडे पाहिले. “हे काय आहे?”

“विरजण. सासूबाईंचं.”

“आत काय आहे त्याच्या?”

“साऱ्या गल्लीला माहीत आहे.”

“मग धोक्याचं आहे हो ते,” अनिमेष मनापासून काळजीने म्हणाला. “सगळ्यांना माहीत असलेली वस्तू सुरक्षित कशी राहणार? इकडे द्या, मी जमा करून घेतो. सक्ती नाही. ऐच्छिक आहे.”

“नको.”

“मग थोडा वेळ घ्या. मी फेरी पुरी करून येतोच. तोवर तुमचाही विचार पक्का होईल.” त्याने सदानंदाच्या पायांकडे पाहिले आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

सदानंद ज्या वाटेने आला होता ती वाट आता सपाट पांढरी झाली होती. तिच्यावर पाय ठेवला की तो तेथेच चिकटून राहिला असता. म्हणून तो कुंपणाच्या भिंतीवरून, मग शाळेच्या कट्ट्यावरून, असा करीत आपल्याच गल्लीत परत आला, कारण अन्य सर्व गल्ल्या बंद झाल्या होत्या. समोर त्याच्या घराची खिडकी होती. खिडकीत इंदुमती कमरेपर्यंत लागलेली दिसत होती. अलीकडे मेहरूनभाभींचे अंगण होते. भाभी बाजल्यावर बसल्या होत्या आणि बाजल्याचे पाय व त्यांचे पाय एक झाले होते. भिंतीशी त्यांची शेळी उभी होती. ती भिंतीचा चुना चाटत होती, आणि तिचे चारी पाय मोकळे होते.

सदानंद अंगणाच्या कट्ट्यावर थबकला.

“भाभी, शेळीला काही झालं नाही?”

“तिला काय होतंय! तो पोरगा आला होता ना, गळ्यात पट्टा घालून. बघून गेला. म्हणाला, आजी, हे जुनं मॉडेल यादीत नाही. शेळीला कोण विचारतंय, सदाभाऊ?”

“दूध देते?”

“रोजच देते. चहाला पण कोणी घेत नाही.” भाभींची नजर वाटीवर गेली. मग त्यांनी जिभेने टक्टक् आवाज केला. सदानंद अंगणातल्या अजून मोकळ्या असलेल्या जागी उतरला. शेळी आली. “पकडा तिला. शिंगं नको, कान धरा. तुम्हाला धार काढता येते?”

“नाही.”

“मग मंडळ कसलं काढलंत?” त्या वाकल्या. कमरेखाली काही वाकत नव्हते, तरी त्यांचे हात पोहोचले. धार वाटीत पडली. ती पातळ होती, आवाज करणारी होती, आणि तिच्यातून वाफ निघत होती. सदानंदाने बोट बुडवून पाहिले. दूध अंगच्या उबेचे होते, विरजण्यास जितके कोमट हवे नेमके तितके.

“वास येईल हां,” भाभी म्हणाल्या.

“येऊ द्या.”

“इंदूला सांगू नका शेळीचं आहे म्हणून.”

“ती ओळखेल.”

“ओळखू दे. भांडायला तरी उठेल.”

त्याने त्याच बोटाने वाटी ढवळली, झाकणी ठेवली, आणि ती कोठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिले. दह्यास ऊब लागते. चूल पांढरी झाली होती, भिंती पांढऱ्या व गार होत्या, ऊन पडत होते परंतु तेही जमिनीवर पोहोचून घट्ट होत होते. त्याने सदऱ्याची बटणे काढली, वाटी छातीशी धरली आणि वरून भाभींची शाल गुंडाळली. वाटी त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होऊ लागली, तेव्हा त्याने श्वास लहान केला.

“आता हलू नका,” भाभी म्हणाल्या. “खोकू पण नका. हिसका बसला तर फुटेल.”

“किती वेळ लागेल?”

“लागेल तेव्हा लागेल. विचारून का लागतंय ते?” हे त्यांचे शेवटचे बोलणे. पांढरे त्यांच्या हनुवटीवर आले होते.

अंगणाच्या उंबऱ्याशी आणखी पांढरे येऊन थांबले, आणि आत आले. सदानंदाच्या मागे तुळयांची रास रचलेली होती. एक पाऊल मागे घेऊन तो तिच्यावर चढू शकला असता. तसे करताना वाटी हलली असती. तो चढला नाही. प्रथम चप्पल गार झाली, नंतर टाचा. दुखत नव्हते, इंदुमतीने खरे सांगितले होते. समोरच्या खिडकीत तिचा चेहरा होता, आणि चेहऱ्यात डोळे तेवढे हलत होते. ते आधी त्याच्या तोंडाकडे, मग शालीच्या गाठीकडे गेले आणि तेथेच राहिले. त्याला हात वर करून सर्व ठीक आहे असे सांगावयाचे होते. त्याने हात वर केला नाही. शालीच्या आत, छातीला लागून, काहीतरी सावकाश एकत्र येत असल्याचे त्याला जाणवत होते. खाली, घोट्यांपाशीही तसेच जाणवत होते, आणि या दोहोंत कोणता भेद आहे हे त्याला उभ्या जागेवरून सांगता येईना.

शेळी अंगणभर फिरत होती.

थोड्या वेळाने अनिमेष आला. त्याने शेळीला वळसा घातला. भाभींना दोन बोटे लावून कलते केले, वाकून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मग तो सदानंदासमोर येऊन उभा राहिला.

“काका?”

सदानंदाने पापणी हलवली नाही. खिडकीतले डोळे शालीवरच होते.

“काका, झालं का?”

अनिमेषने ओळखपत्र बाजूला सारले, दोन बोटे सदानंदाच्या खांद्यावर ठेवली, आणि काठ सुटतो की काय ते पाहण्यासाठी त्याला अलगद एका अंगाला कलते केले.