एकसष्ट भिंती

"चार जीबीच्या खाली मोठा मॉनिटर लावताच येत नाही, चाचा," चंद्रशेखर म्हणाला आणि त्याने काउंटरवरचा लॅपटॉप असा फिरवला, की झाकणाच्या पाठीवर छापलेला लाल चित्ता थेट निजाम पेंटरकडे पाहू लागला.

"काऊन?" निजामने विचारलं.

"पडदा मोठा तं ग्राफिक्स मेमरी मोठी. सत्तावीस इंचाले चार जीबी पायजेच."

"अन बत्तीस इंची घेतला तं?"

"सहा."

"अन टॉकीजचा पडदा?"

चंद्रशेखर हसला. बुलढाण्याच्या त्या दुकानात तो सहा वर्षं कॉम्प्युटर विकत होता, आणि गिऱ्हाईक प्रश्न विचारू लागलं की हसायचं, एवढं प्रशिक्षण त्याला मिळालेलं होतं. निजामची मुलगी महेजबीन मात्र हसली नाही. देऊळघाटला तिचं झेरॉक्सचं आणि पत्रिका, पावत्या छापण्याचं छोटं दुकान होतं. तिला वडिलांचा हा चेहरा ठाऊक होता. शिडीवर चढण्याआधी ते भिंतीकडे असंच पाहत.

शिडी आता नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्यावरून पडून निजामचा उजवा खांदा कामातून गेला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्याआधी तीस वर्षं त्याने जिल्हाभर भिंती रंगवल्या. साबण रंगवला, सिमेंट रंगवलं, कुटुंबनियोजन रंगवलं. एका निवडणुकीत तर एकाच भिंतीवर त्याने आठवड्याच्या अंतराने दोन्ही उमेदवार प्रचंड मतांनी निवडून आणले होते. कोणी त्याला जाब विचारला नाही.

पडण्याच्या थोडं आधी पंजाबरावांचं काम आलं होतं. पंजाबरावांचं संग्रामपूरला कृषी केंद्र. बीटी कपाशीचं नवं बियाणं त्यांच्याकडे आलं होतं आणि एकसष्ट भिंतींवर एकच ओळ हवी होती: 'आता बोंडअळी विसरा.' शेजारी दुधासारखं पांढरं, फुटलेलं बोंड. अगदी तळाशी, बोटभर अक्षरांत, 'निजाम पेंटर, देऊळघाट', आणि मोबाइल नंबर.

गेल्या हंगामात गुलाबी अळी आली. बोंड वरून ठणठणीत, फोडलं की आत अळी बसलेली. लोकांना कोणाला तरी जाब विचारायचा होता. कंपनी कुठे राहते ते कोणाला माहीत नव्हतं. पंजाबरावांचा फोन बंद होता. सरकार पंचनाम्यात गुंतलं होतं. भिंतीवर मात्र दहा अंकी नंबर होता, आणि दोन पावसाळे जाऊनही त्यातला एकही आकडा पुसट झाला नव्हता. निजाम हलका रंग वापरत नसे, ही त्याची चूक.

पहिला फोन वडनेर भोलजीच्या कडूबाचा. ती ओळ त्याच्याच घराच्या भिंतीवर होती.

"निजामभाई, तुम्ही लिवलं म्हणून मी अळीले विसरलो. ती काही मले विसरली नाही."

त्यात शिवी नव्हती. असती तर निजामला बरं वाटलं असतं. त्यानंतर फोन पिठाच्या डब्यात राहू लागला. डबा वाजला की महेजबीन झाकण उघडायची आणि "अब्बू बाहेरगावी गेले" म्हणायची. निजाम चार महिने बाहेरगावी होता. शेजारच्या खोलीत बसून.

आणि मग एका सकाळी चहा पिता पिता त्याने सांगितलं, की एकसष्टच्या एकसष्ट भिंती झाकायच्या. हात वर जात नाही, तर फ्लेक्स लावायचं. चित्र मात्र आपणच करायचं. एका डोळ्याला दिसेल एवढा पडदा घ्यायचा. शिडी, बांबू आणि मोटारसायकल विकून जे आलं, त्यातच पडदा आणि त्यातच भिंती. मशीनमध्ये जेवढं जाईल, तेवढ्या भिंती तशाच राहणार.

"चंद्रशेखर," निजाम म्हणाला, "या लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपके किती?"

"आडवे एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी. फुल एचडी."

"अन त्या सत्तावीस इंचीवर?"

चंद्रशेखर खोक्यापाशी गेला. खोकं वाचायला त्याला थोडा जास्तच वेळ लागला.

"तेवढेच हायेत," तो म्हणाला.

"मले वाटलंच." निजामने डाव्या हाताने पावतीच्या पाठीवर एक छोटी चौकट काढली, तिच्यात उभ्याआडव्या रेघा मारल्या. "आम्ही चित्र मोठं कसं करतो, पाह्य. वहीतल्या चित्रावर शंभर चौकोन आखतो. मंग भिंतीवर शंभरच आखतो. भिंत मोठी म्हणून चौकोन वाढत नाहीत. चौकोन मोठे होतात. तुह्या पडद्यानं ठिपका मोठा केला. ठिपका मोठा झाला म्हणून त्याले मेमरी जास्त लागते का?"

"लागत नाही," महेजबीन म्हणाली. "एका ठिपक्याले चार बाइट. इंच कितीही असो."

"मंग कर गुणाकार."

तिने मोबाइलवर केला. "आठ एमबीच्या जरासं वर, अब्बू. दोन्ही पडदे मिळून सोळा-सतरा."

"अन हा चार जीबी मागून राह्यला."

"तसं नसते ना चाचा," चंद्रशेखर म्हणाला. "फोर-के मॉनिटर घेतला तं ठिपके चौपट होतात."

"चौपट तेत्तीस झाले. तरी जीबीच्या दारात नाही पोचले."

"गेम खेळणाऱ्याले लागते ना पण. व्हिडिओवाल्याले लागते. तुम्ही गेम खेळत नाही?"

"एकदाच खेळलो. बियाण्याच्या बाजूनं."

चंद्रशेखरने चित्त्याचं झाकण मिटलं. मग त्याने मागच्या फळीवरून एक करडा, बिनचेहऱ्याचा लॅपटॉप काढला. तो गेले आठ महिने तिथे होता, कारण त्याच्यावर कोणतंच जनावर नव्हतं.

"याच्यात येगळं कार्ड नाही," तो खऱ्या आवाजात म्हणाला. "लागन तेवढी मेमरी हा रॅममधून घेते. म्हणून रॅम चार नका घेऊ, आठ घ्या. फ्लेक्सची फाइल जड असते, तिचं वजन रॅमवरच पडते. मॉनिटरची वायर लावून पाहू, मंगच न्या."

"हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"आधी कोणी इचारलंच नाही, चाचा."

"त्या चित्त्यात अन याच्यात फरक किती भिंतींचा?" निजामने मुलीला विचारलं.

"रॅम धरून चाळीस."

"चाळीस भिंती मी लॅपटॉपच्या पोटात नाही घालत. हाच बांध."

आठ दिवसांनी पंजाबराव देऊळघाटला आले, तेव्हा सत्तावीस इंची पडद्यावर एक अळी पसरलेली होती. गुलाबी, वळ्यावळ्यांची, हातभर लांब. पंजाबरावांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"लय मोठी केली, निजामभाई."

"चौकोन तेवढेच हायेत."

पंजाबराव नवं काम घेऊन आले होते. त्याच बियाण्याला नवं नाव, नवी पिशवी आणि नवी ओळ: 'आता निर्धास्त पेरा.' शिडी ते देणार होते, शिडीवर चढायला माणसंही देणार होते. निजामने फक्त अक्षरं आखून द्यायची. बोलता बोलता त्यांची नजर अळीच्या खालच्या मजकुरावर गेली.

'बोंडअळी विसरू नका. डिसेंबरनंतर कपाशी शेतात ठेवू नका. या भिंतीवर मी चुकीचं लिहिलं होतं.'

"हे 'मी' काऊन?" पंजाबराव म्हणाले. "कंपनी लिव. नाहीतं कोणाचंच नको लिवू. नुसतं 'चुकीचं लिहिलं गेलं होतं' म्हण. सरकार असंच लिवते."

"कंपनीच्या हातात ब्रश नव्हता, पंजाबराव."

"मंग पुढं या पट्ट्यात तुले काम नाही भेटणार. आजच सांगून ठेवतो."

"खांदा गेला तवापासून कुठं भेटून राह्यलं? तुम्ही तं उलट उशिरा आले." निजामने आतल्या दाराकडे पाहिलं. "महेजबीन, पंजाबरावले चहा दे. साखर जास्त टाक."

पंजाबराव चहा न घेता गेले. निजामने 'मी' हे अक्षर निवडलं आणि एक घर मोठं केलं.

पहिलं फ्लेक्स कडूबाच्या भिंतीवर लागलं. कडूबाचा भाऊ वरच्या खिळ्यांना दोऱ्या बांधत होता, निजाम खालून "डावीकडं, अजून डावीकडं" म्हणत होता. जुनी ओळ झाकली गेली, पांढरं बोंड झाकलं गेलं.

"अब्बू," महेजबीन म्हणाली, "वीतभर कमी पडून राह्यलं."

"मी कमीच सांगितलं होतं."

फ्लेक्सच्या खालच्या कडेखाली भिंतीची एक पट्टी उघडी राहिली होती. तिच्यावर जुनी बोटभर अक्षरं होती: निजाम पेंटर, देऊळघाट, आणि तो नंबर. नवं नाव लिहिण्याची गरज पडली नाही.

कडूबाने सगळं वाचलं. त्याला वेळ लागला, कारण तो मोठ्याने वाचत होता. 'मी'पाशी तो थांबला, निजामकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"शिडी कुठं तुमची?" त्याने विचारलं.

"पडदा घेतला तिचा."

"हं," कडूबा म्हणाला आणि ओट्यावर सरकून त्याने जागा केली.

तेवढ्यात महेजबीनच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो सवयीने काढला, सवयीनेच "अब्बू बाहेरगावी..." एवढं म्हणाली आणि थांबली. निजामने डावा हात पुढे केला होता.

"हाव," तो ओट्यावर बसत म्हणाला. "निजाम पेंटरच बोलून राह्यलो. हो, मीच लिवलं होतं. तुमची भिंत कोणती?"

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. निजाम ऐकत होता. फोनच्या फटींत बसलेलं पीठ त्याच्या कानाला लागलं होतं. ते त्याने पुसलं नाही.