लॉरेंशियनमधली मधली जागा

आमच्या बाबांची पाँटिॲक लॉरेंशियन गाडी पंच्याहत्तर सालची. रंग पिकल्या गव्हाचा आणि लांबी अशी की गॅरेजचं दार तिच्यामागे कधी लागलंच नाही. खडीच्या रस्त्यावरसुद्धा मांडीवरच्या पातेल्यातलं बीटचं सूप सांडायचं नाही. पुढे तिघं, मागे तिघं, डिक्कीत बटाट्यांची पोती. असली गाडी पुन्हा होणे नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडेन.

आईला मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. पेट्रोल महागल्यापासून तिची भुणभुण सुरू होती.

"नेस्टर, वीक ना हे जहाज एकदाचं! आपण दोघंच तर उरलोय घरात."

शेवटी जानेवारीत बाबा कबूल झाले. तेव्हा माझा चार दिवस मुक्काम त्यांच्याकडे होता. त्या सकाळी ते इतके बिथरले होते, की थंडीत रात्रभर इंजिन गरम ठेवणारी विजेची वायर भिंतीतल्या प्लगमधून न काढताच निघाले. वायर तुटली आणि गावभर बर्फात मागे फरफटत आली. पेट्रोल पंपावरचा लॉर्न ओरडला, "काय नेस्टरकाका, कुत्रं फिरवायला काढलंत का?"

बाबा हसले नाहीत. फार वाईट वाटलं मला त्यांचं.

आई नेहमीसारखी पुढच्या सलग सीटवर मधोमध, बाबांना खेटून बसली होती. हात त्यांच्या कोटाच्या खिशात. खिडकीशी मी.

शोरूममध्ये बदल्यात घ्यायची छोटी गाडी तयारच होती. पुढे दोन सुट्या खुर्च्या, मध्ये गिअरचा दांडा. चक्कर मारून बघायला निघालो. मी मागे, गुडघे हनुवटीला टेकलेले. आईने सवयीने डावीकडे, बाबांच्या खिशाकडे हात नेला, तो दांड्याला अडला. तिने तो मांडीवर घेतला.

"कशी वाटते गं, डोम्का?" बाबांनी आईला विचारलं.

"चांगली आहे."



परत आल्यावर बाबा सही करायला आत निघाले. आई तरातरा लॉरेंशियनकडे गेली आणि दार उघडून मधल्या जागेवर जाऊन बसली.

"आई, आणि पेट्रोल?"

"पिते तेवढं पिऊ दे! त्या डबीत तुझा बाप शेजारच्या गावात बसल्यासारखा वाटतो."

बाबांनी ऐकलं. परत फिरले, स्टिअरिंगमागे बसले आणि कोटाचा खिसा उघडा धरला.

घरी जाताना लॉर्नकडून त्यांनी नवी वायर घेतली. चांगली जाड, वर्षानुवर्षं टिकणारी.