दिशाचा वाफारा

आधी माझ्यात पाणी आहे का ते बघा, मग बसा ऐकायला. मी वाफारा. बिलावर माझं नाव स्टीमर असं होतं, घरात मला वाफेचं मशीन म्हणतात, आणि सर्दी झालेली माणसं तर 'ते कुठंय ते?' एवढंच म्हणतात. मला राग येत नाही. नाक चोंदलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

माझा जन्म कुठल्या गावात झाला ते मला माहीत नाही. एका कारखान्यात निळं प्लॅस्टिक साच्यात ओतलं, तळाला तापणारी चकती बसवली, वर नाक-तोंड मावेल असं टोपण दिलं आणि खोक्यात भरलं. खोक्यावर एक बाई डोळे मिटून, छान हसत वाफ घेत होती. तशी हसत वाफ घेणारी बाई मला पुढे कधी भेटली नाही. खोक्यात एक चिठ्ठी होती. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाणी संपताच बटण बंद करावे.' महागाच्या मशीनमध्ये पाणी संपलं की आपोआप बंद व्हायची सोय असते. मी स्वस्तातला आहे. मला कुणीतरी बंद करावं लागतं.

नाशिकरोडच्या एका मेडिकलमधून सुवर्णाताईंनी मला घरी आणलं. त्या जिल्हा परिषदेत क्लार्क. त्यांचे यजमान सुनील गांगुर्डे सातपूरला एका कंपनीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचे. त्यांची एकुलती एक मुलगी दिशा तेव्हा अकरा वर्षांची होती. दोन दिवसांवर चौदा एप्रिल आला होता, कॉलनीच्या स्टेजवर तिला बाबासाहेबांचं गाणं म्हणायचं होतं आणि नेमका घसा बसला होता. म्हणून मी आलो. चिठ्ठी कुणी वाचली नाही, ती खोक्याबरोबर भंगारात गेली.

माझं जग लहान आहे. डोक्यावर टॉवेल पडतो आणि मला खालून एक चेहरा दिसतो. नाकपुड्या, हनुवटी, मिटलेल्या पापण्या. टॉवेलखाली माणसं वेगळीच असतात. सुनीलराव तिथे हळू आवाजात त्यांच्या सुपरवायझरला शिव्या द्यायचे. सुवर्णाताईंना दोन मिनिटांत डुलकी लागायची. आणि दिशा पहिल्याच दिवशी माझ्यात तोंड घालून गायली. आवाज प्लॅस्टिकमध्ये घुमला, तिला गंमत वाटली आणि ती खुदकन हसली. मग पुन्हा गायली, पुन्हा हसली. मला ती तेव्हाच आवडली.

चौदा एप्रिलला ती कशी गायली ते मी ऐकलं नाही, मी घरी फळीवर होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या धोंडाबाई डबा परत करायला आल्या. येवल्याकडच्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या, अख्ख्या कॉलनीच्या आत्या. म्हणाल्या, "सुवर्णे, पोरीनं लय ग्वाड म्हटलं. पण शेवटाला दमली व्हती. तिला दम खाऊ देत जा गं." सुवर्णाताई हो म्हणाल्या आणि डबा आत नेऊन ठेवला.

दिशा तेरा वर्षांची असताना इंदिरानगरच्या एका फ्लॅटमधल्या स्टुडिओत तिचं एक गाणं रेकॉर्ड झालं, 'रेंज नाही'. गच्चीवर फोन उंच धरून नाचणारी मुलगी, बस, एवढंच त्यात होतं. महिन्याभरात ते गाणं रिक्षात, हळदीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, सगळीकडे वाजायला लागलं. पोस्टरवर तिचं नाव "'रेंज नाही' फेम दिशा" असं यायला लागलं. आडनाव गळून पडलं. सुनीलरावांनी कंपनी सोडली आणि ते तिच्या कार्यक्रमांचं काम बघू लागले.

मीही फिरलो. पिंपळगाव बसवंतला द्राक्षवाल्यांचा मेळावा, कळवणला गणपती मंडळ, येवल्यात पैठणीच्या नव्या दुकानाचं उद्घाटन. तिच्या बॅगेत मी, माझ्या शेजारी मेकअपचा डबा. सगळीकडे तेच गाणं. अर्धा आवाज ट्रॅकमध्ये भरलेला असायचा. तिने तोंड हलवायचं, हात वर करायचे, 'नाशिककर, आवाज येतोय का?' असं विचारायचं. कळवणलाही ती एकदा नाशिककरच म्हणाली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या पोटात ज्याला जे सुचेल ते पडत होतं. ओवा, निलगिरी, तुळस, एकदा तर कुणीतरी हळद टाकली.

सुनीलरावांची एक जुनी सवय होती. ऑर्केस्ट्रात असताना ते शिकले होते की हॉल आपणहून उठत नाही, त्याला कुणीतरी उठवावं लागतं. म्हणून ते मागच्या दाराशी उभे राहायचे आणि गाणं संपलं की जाड आवाज काढून ओरडायचे, "वन्स मोअर!" मग लोक सुरू व्हायचे आणि दिशा पुन्हा गायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. टॉवेलखालून ती म्हणायची, "पप्पा, आज तुम्ही आधीच ओरडलात. माझी एक ओळ राहिली होती." आणि ते दोघं हसायचे.

हे हसणं कधी थांबलं ते मला नेमकं सांगता येत नाही. दहावीच्या सुमारास असेल. ती माझ्यावर तोंड धरायची आणि नुसती राहायची. गाणं नाही, बोलणं नाही, कंटाळाही नाही. एकदा बाहेरून सुवर्णाताईंनी विचारलं, "काही वाटतंय का गं?"

"काहीच वाटत नाही," दिशा म्हणाली.

"मग अजून पाच मिनिटं घे."

तिने घेतली.

सोळाव्या वर्षी ती नाटकात गेली. एका निर्मात्याने नवं संगीत नाटक काढलं, 'पॅकहाउसची राणी'. पॅकहाउसच्या शेडमध्ये द्राक्षं निवडता निवडता गाणाऱ्या मुलीची गोष्ट, राणी अर्थातच दिशा. पोस्टरवर ठळक अक्षरात लिहिलेलं, सगळी गाणी प्रत्यक्ष रंगमंचावर. ट्रॅक नाही. अकरा गाणी आणि वर सुनीलरावांचे वन्स मोअर. नाटकाची जाहिरात चांगली झाली, प्रयोग लागत गेले, कधी शनिवार-रविवार मिळून चार.

विसाव्या प्रयोगापर्यंत तिचा सकाळचा आवाज कोरड्या दारासारखा करकरायला लागला. मग मी दिवसातून तीन वेळा, चार वेळा. मी घसा थोडा सैल करायचो, तेवढ्यावर ती गायची, गायल्यावर घसा आणखी बसायचा आणि पुन्हा मला प्लगला लावायचे. घरात सगळे मला औषध समजत होते. मी औषध नाही हो, मी गरम पाणी आहे. माझ्यामुळे तिला बरं वाटत होतं आणि म्हणूनच ती थांबत नव्हती. याचं मला वाईट वाटतं, अजूनही.

शेवटी डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. महिनाभर पूर्ण गप्प राहा, नाहीतर गाण्याचा आवाज परत येईलच असं मी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. हे मला जेवणाच्या टेबलावर ठेवलेला असताना कळलं, कारण सगळे माझ्याभोवती बसून बोलत होते. आणि तीन दिवसांवर नाशिकचा प्रयोग होता, कालिदास नाट्यगृहात, रविवारी दुपारी साडेचार. कॉलनीतली सत्तर माणसं येणार होती.

"एवढा एकच," सुनीलराव म्हणाले. "घरचा प्रयोग आहे. मग महिनाभर एक शब्द नाही."

"वन्स मोअर द्यायचा नाही," सुवर्णाताई म्हणाल्या. "आणि तुम्ही मागायचा नाही."

सुनीलरावांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं. "शब्द दिला."

दिशाला कुणी विचारलं नव्हतं. तिने मान मात्र हलवली.

रविवारी मी मेकअप रूममध्ये आरशासमोर होतो. तिथे भिंतीवर एक छोटा स्पीकर असतो, स्टेजवरचं सगळं त्यात ऐकू येतं. तिसरी घंटा झाली, पडदा गेला. पहिलं गाणं तिने जपून म्हटलं, चांगलं म्हटलं. टाळ्या झाल्या. मग टाळ्या थांबल्या आणि नाटक पुढे गेलं. दुसऱ्या गाण्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. मागच्या दाराशी सुनीलराव तोंडावर रुमाल दाबून उभे होते, असं नंतर कळलं. त्यांनी शब्द पाळला होता.

मध्यंतरात ती आली आणि माझ्यावर वाकली. सुनीलरावही आले.

"एकानेही वन्स मोअर म्हटलं नाही, पप्पा," ती पुटपुटली.

"अगं, आईला शब्द दिला होता ना. मी गप्प होतो."

"तुमचं नाही म्हणत. बाकीचे."

 मी खालून तिचा चेहरा बघत होतो. ती रडत नव्हती. पापणीही हलली नाही. मला वाटतं, ती रडली असती तर पुढचं घडलं नसतं, बापाने तिला जवळ घेतलं असतं आणि तेवढ्यावर भागलं असतं. पण सुनीलरावांना तो कोरडा चेहरा आरशात दिसला आणि ते तसेच बाहेर गेले. सुवर्णाताईंनी माझ्यात पाणी भरलं, बटण चालू ठेवलं, म्हणजे ती आली की वाफ तयार, आणि त्याही विंगेत जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या अंकात नाटकातलं सगळ्यात मोठं गाणं आहे, राणी पॅकहाउस सोडून जाते तेव्हाचं. ते तिने पूर्ण म्हटलं. वरचा सूर थोडा घासला, पण लागला. टाळ्या झाल्या, थांबायला आल्या. आणि त्याच वेळी स्पीकरमधून मी तो ओळखीचा जाड आवाज ऐकला. "वन्स मोअर!"

बापाला लेकीची कीव आली होती, दुसरं काही नाही. हॉल उठला. सगळे ओरडायला लागले, शिट्ट्या आल्या. पेटीवाल्याने पुन्हा सूर दिला.

दिशा गायली. दोन ओळी झाल्या. तिसरीला तिचा आवाज अर्ध्यात तुटला, मग नुसती हवा आली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हवा. पेटी चालूच होती. माझ्यातलं पाणी तेव्हा कमी होत आलं होतं.

मग स्पीकरमध्ये एक म्हातारा, चिरका आवाज आला. "ए पोरी! बस झालं! नाय गायाचं आता. खाली बस, पानी पी." तिसऱ्या रांगेत धोंडाआत्या उभ्या राहिल्या होत्या. पेटी थांबली. त्या पेटीवाल्यालाही म्हणाल्या, "तू पन बस रे बाबा."

कुणी हसलं नाही. नाटकात पॅकहाउसच्या मॅनेजरचं काम करणाऱ्या रविराजने शहाणपणा केला. उरलेलं गाणं त्याने साध्या बोलण्यात म्हटलं, राणीचे शब्द राणीलाच सांगावेत तसं. लोकांनी ऐकून घेतलं. पडदा पडला.

इकडे माझ्यातलं पाणी कधीच संपलं होतं. चकती लाल झाली होती, पोटाचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकत होतं, खोलीभर जळका वास होता आणि सगळे स्टेजवर. मला ओरडता येत नाही. दार उघडलं, दिशा एकटीच आत आली, गळ्यात अजून राणीची मण्यांची माळ. तिने माझ्याकडे बघितलं आणि आधी प्लग ओढला. मग ती जमिनीवर बसली आणि रडली. टॉवेलशिवाय, उघड्यावर. किती वर्षांनी, मी मोजली नाहीत.

या गोष्टीला आता चार महिने झाले. महिनाभर दिशा पाटीवर लिहून बोलली. गाठी थोड्या उतरल्या आहेत. गाण्याचं विचारलं की डॉक्टर 'बघू' म्हणतात. नाटकात आता दुसरी मुलगी आहे. सुनीलराव अंबडला एका कंपनीत लागले. एकदा त्यांना सर्दी नसताना त्यांनी मला लावलं, टॉवेल ओढून घेतला आणि माझ्या वाफेत म्हणाले, "मी ओरडलो कशाला?" तीनदा म्हणाले. 

मला फेकायचं ठरलं होतं. धोंडाआत्या म्हणाल्या, "फेकता कशाला? तापतंय ना?" तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. पोटावर करपल्याचा डाग, वायरीला चिकटपट्टी. संध्याकाळी दिशा येते, माझ्यात साधं पाणी भरते, आत्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकते आणि शेजारी बसून पाण्यावर लक्ष ठेवते. ओवाबिवा काही टाकू देत नाही.

परवा ती स्वतःही टॉवेलखाली शिरली. दोन चेहरे मी पहिल्यांदाच एकत्र बघितले. ती अगदी खालच्या सुरात काहीतरी गुणगुणली, चौदा एप्रिलच्या त्या गाण्याची पहिली ओळ. एकच. माझ्या प्लॅस्टिकमध्ये ती थोडीशी घुमली. मग ती थांबली.

आत्यांनी डोळे उघडले नाहीत. पुढे म्हण, असं त्या म्हणाल्या नाहीत. वाफ विरळ झाली तशा म्हणाल्या, "पानी संपाया आलंय बघ."

दिशाने हात बाहेर काढून बटण बंद केलं.

तुमच्या घरी माझ्यासारखा स्वस्तातला कुणी असेल, तर एवढंच करा. तो चालू असताना जवळ बसा आणि पाण्याकडे बघत राहा. संपलेलं आम्हाला कळतं, पण आपणहून बंद होता येत नाही.